अर्जंट: विंडोजचा शेअर फोल्डर लिनक्सात उघडत नाही

काटेवाला (पांढरकवडा)
आमच्या जिनिंगच्या वजनकाट्यावरच्या कॉम्प्युटरात पावत्यांचा फोल्डर शेअर आहे. ऑफिसच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकलं तवापासून उघडत नाही. तो फोल्डर माउंट केला, म्हणजे कमांडनं लॅपटॉपला जोडला, की 'होस्ट इज डाउन' (ते मशीन बंद आहे) म्हणते. अबे, चालू आहे तो, समोर दिसून राहिला! बाहेर कापसाच्या गाड्यांची लाइन लागली. लवकर सांगा राजेहो.

वऱ्हाडी_पेंग्विन
पिंग लागते का, म्हणजे लॅपटॉपवरून हाक मारली की ते मशीन उत्तर देते का? कमांड जशीच्या तशी टाका. काट्यावर विंडोज कोणतं?

काटेवाला
पिंग लागते. विंडोज जुनंच आहे.

फॉरमॅटभाऊ
काहून डोक्स्याला ताप करून घेता? लॅपटॉपवर परत विंडोज टाका. नाही तर पेनड्राइव्ह.

वऱ्हाडी_पेंग्विन
जुनं म्हणजे किती जुनं? स्टार्टचं बटण हिरवं आहे का?

काटेवाला
हो, हिरवं. काट्याचं सॉफ्टवेअर दुसऱ्यावर चालतच नाही.

वऱ्हाडी_पेंग्विन
मग विंडोज एक्सपी. त्याला फाइल शेअरिंगची फक्त जुनी भाषा, एसएमबी १, समजते. लिनक्स कर्नलनं (गाभ्यानं) २०१७ मध्ये, आवृत्ती ४.१३ पासून, ते आपोआप वापरणं सोडलं. म्हणून जिवंत मशीनला 'डाउन' म्हणून राहिलं. माउंटच्या कमांडमध्ये 'ओ' च्या पर्यायांत व्हर्स=१.० (आवृत्ती) जोडा. यूआयडी=१००० (तुमच्या युजरचा नंबर) पण द्या, नाही तर फाइली रूटच्या, म्हणजे अॅडमिनच्या, मालकीच्या दिसतील.

कुलूपबंद
एसएमबी १ सुचवता? २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच्यातूनच पसरला. २०१४ ला सपोर्ट संपलेल्या एक्सपीसाठी मायक्रोसॉफ्टला पॅच (दुरुस्ती) काढावा लागला होता.

वऱ्हाडी_पेंग्विन
एक्सपी आधीपासून तेच बोलते, लॅपटॉपनं नवीन दार कोणतं उघडलं? त्या मशीनचं इंटरनेट काढा, पॅच नसेल तर टाका.

कुलूपबंद
आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर इंटरनेट आहे त्याचं काय? दोन्ही एकाच वायरवर ना?

सोयाबीनवाला
काटेवाले भाऊ, ओलावा किती धरता? सीसीआय (सरकारी कापूस महामंडळ) तर १२ टक्क्यांच्या वर घेतच नाही.

काटेवाला
ते काट्यावर येऊन विचारा. व्हर्स टाकलं, आता एरर १३, परमिशन डिनाइड.

वऱ्हाडी_पेंग्विन
एक्सपीवर युजरला पासवर्ड आहे?

काटेवाला
काट्यावर पासवर्ड कोण ठेवते?

वऱ्हाडी_पेंग्विन
मग युजरनेम काढा, तिथं गेस्ट लिहा.

फॉरमॅटभाऊ
एवढ्या वेळात पेनड्राइव्हनं दोन चकरा झाल्या असत्या.

काटेवाला
दिसल्या पावत्या! पण लॅपटॉप रीस्टार्ट केला की फोल्डर पुन्हा रिकामा. आता?

वऱ्हाडी_पेंग्विन
एफस्टॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना काय काय जोडायचं त्याच्या यादीच्या फाइलीत, ओळ टाकावी लागते. आधी गाड्या खाली करा, अन् या वेळी कमांड पूर्ण टाका.