मदत हवी आहे: वडिलांची पलटण आणि मुंबईहून सुटलेली बोट

नमस्कार मंडळी. माझे वडील दुसऱ्या महायुद्धात ५ मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये शिपाई होते. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांनी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तो याच पलटणीतून. वडील त्या दिवशी तिथे होते का, हे मला कळायलाच हवं.

आई म्हणायची, मुंबईहून बोटीने सुएझला गेले. बोटीचं नाव तिलाही ठाऊक नव्हतं. घरात त्यांचं इटली स्टार हे युद्धपदक आहे, पण डिस्चार्ज बुक (सैन्यातून सुटताना मिळणारी सेवेची नोंदवही) नाही. आर्मी नंबराशिवाय बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरकडे नोंद सापडते का? अर्ज कुणाच्या नावे करायचा? लंडनला क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये (ब्रिटिश सरकारी दप्तरखान्यात) बटालियनच्या युद्धडायऱ्या कुणी पाहिल्यात का? त्यात बोटींची नावं असतात का?