अनुभवी स्कायडायव्हरची तपासणी दुसऱ्याने करणे सक्तीचे असावे का?

पश्चिमवारा (कॅलिफोर्निया)

नवशिक्या स्कायडायव्हरला विमानात चढण्यापूर्वी आणि पुन्हा दार उघडण्यापूर्वी प्रशिक्षक स्वतःच्या हाताने तपासतो. २५ उड्या आणि ठरावीक चाचण्या पार पडून अमेरिकेतील पॅराशूट संघटनेचा, म्हणजे यूएसपीएचा, ‘ए’ परवाना मिळाला की ही तपासणी ज्याची त्याची जबाबदारी होते. ५०० उड्यांनंतर मिळणाऱ्या ‘डी’ परवान्यापर्यंत माणूस पोहोचतो तेव्हा ती केवळ त्याच्या सवयीवर अवलंबून राहते. माझे म्हणणे असे की परवाना कोणताही असो, दार उघडण्यापूर्वी प्रत्येकाची पाठ दुसऱ्या कोणीतरी पाहिलीच पाहिजे, आणि ज्याला हे मान्य नसेल त्याने त्या विमानातून उडी मारू नये.

ज्यांनी हा खेळ जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पाठीवरच्या पिशवीत मुख्य आणि राखीव अशी दोन पॅराशूट असतात. मुख्य पॅराशूटचा कप्पा एका दोरीच्या फासातून ओवलेल्या पिनेने बंद राहतो. ही पिन अर्धी सरकलेली आहे की पूर्ण बसलेली आहे, हे ज्याच्या पाठीवर ती आहे त्याला दिसतच नाही. विमानात दाटीवाटीने बसलेले असताना, मागे सरकताना किंवा दाराच्या चौकटीला पाठ घासताना ती हलू शकते. समोरच्या गोष्टी दिसतात, पण दिसतात म्हणून पाहिल्या जातातच असे नाही. छातीचा पट्टा बकलात नीट फिरवून न घेता नुसताच ओवला गेला, तर जमिनीवर आणि विमानात तो घट्टच भासतो. पॅराशूट उघडतानाच्या झटक्याने मात्र तो सरकून सुटू शकतो.

१९८८ साली नॉर्थ कॅरोलायनात एका स्कायडायव्हरने पॅराशूट न घालताच विमानातून उडी मारली. त्याच्या नावावर आठशेहून अधिक उड्या होत्या. तो इतरांचे चित्रीकरण करीत होता, चित्रीकरणाची जड उपकरणे त्याच्या अंगावर होती, आणि ते वजन त्याला पॅराशूटचे वाटले असावे असा अंदाज तेव्हा मांडला गेला. मला या घटनेत सर्वाधिक अस्वस्थ करणारी बाब त्याचा विसरभोळेपणा ही नाही. विमानात इतर माणसे होती आणि त्यांच्यापैकी कोणाच्याही ते लक्षात आले नाही, कारण एवढ्या अनुभवी माणसाकडे कोणी तपासण्याच्या नजरेने पाहतच नव्हते.

अननुभवी माणूस चुकतो तेव्हा त्याला निदान भीती तरी वाटत असते. अनुभवी माणसाचे तसे नाही. एकदा पिन न पाहता उडी मारली आणि काही बिघडले नाही. दहाव्या वेळीही बिघडले नाही. मग न पाहणे हीच रीत होऊन बसते. पट्टीचे पोहणारेच बुडतात असे आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही. म्हणून या बाबतीत माणसाच्या स्वतःच्या विवेकावर विसंबून राहू नये, असे मला वाटते. विरुद्ध मत असणाऱ्यांनी अवश्य लिहावे.

निळाई (ॲरिझोना)

तुमची कळकळ मी समजू शकते, परंतु प्रस्ताव मला मान्य नाही.

पहिली गोष्ट, परिस्थिती तुम्ही सूचित करता तितकी ढासळलेली नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत या खेळात दरवर्षी सरासरी चाळीसहून अधिक माणसे मरत. २०२३ साली यूएसपीएच्या नोंदीनुसार सुमारे ३६ लाख ५० हजार उड्यांमध्ये १० मृत्यू झाले. ही घट सक्तीच्या तपासणीने झालेली नाही. बिघडलेले मुख्य पॅराशूट झटकन सोडून देता येणारी तीन कड्यांची जोडणी आली, १९९१ मध्ये सायप्रेस हे स्वयंचलित उपकरण बाजारात आले, प्रशिक्षण सुधारले, त्याचे हे फळ आहे. माणूस बेशुद्ध असला किंवा उंचीचे भान हरपून अजून वेगाने खाली जात असला, तर सायप्रेस जमिनीपासून सुमारे ७५० फुटांवर राखीव पॅराशूट उघडते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आजचा अनुभवी स्कायडायव्हर बहुतेकदा पिनेमुळे मरत नाही. कित्येकदा तो पूर्ण उघडलेल्या, निर्दोष पॅराशूटखाली मरतो, कारण उतरताना जमिनीच्या फार जवळ असताना त्याने जोराचे वळण घेतलेले असते. अशा वळणात पॅराशूट खाली झेपावते आणि ते सावरायला उंचीच उरत नाही. विमानातल्या तपासणीचा या अपघाताशी काडीचा संबंध नाही. असा प्रत्येक तास आणि प्रत्येक डॉलर कॅनोपी, म्हणजे उघडलेले पॅराशूट, चालवण्याच्या प्रशिक्षणावर खर्च व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि एक व्यावहारिक अडचण आहे. माझ्या पिशवीवरची, पिन झाकणारी झडप उघडून अनोळखी माणसाने आत बोट घालावे हे मला धोक्याचे वाटते. व्यवस्थित बसलेली पिन अशा घाईच्या हाताने हलू शकते, किंवा झडप अर्धवट बंद राहून बाहेर पडल्यावर वाऱ्याने उघडू शकते. ज्याला मी ओळखते आणि ज्याला मी स्वतः सांगितले आहे, त्यानेच हात लावावा.

गाठपारखी

मी रिगर आहे. राखीव पॅराशूट घडी घालून सीलबंद करणे हे माझे काम. अमेरिकेत दर १८० दिवसांनी ते परवानाधारक रिगरकडून पुन्हा घडी घालून घ्यावे लागते, त्यामुळे प्रत्येकाचे साहित्य वर्षातून निदान दोनदा कोणाच्या तरी टेबलावर येते, आणि मालक समोर नसताना त्याच्या सवयी तिथे दिसतात.

विद्यार्थ्यांसाठीचे साहित्य ड्रॉप झोनच्या, म्हणजे उड्या चालवणाऱ्या केंद्राच्या, ताब्यात असते आणि ते सहसा नीट ठेवलेले असते. चिंता वाटते ती हजारो उड्या मारलेल्यांच्या खासगी साहित्याची. पिन जिच्यातून जाते ती दोरी वापराने झिजत जाते. आधी एखादा धागा सुटतो, मग दोरीवर केसाळ कडा दिसू लागते. ही दोरी अगदी स्वस्त असते आणि ती बदलायला काही मिनिटे पुरतात. तरीही ती अर्ध्याहून अधिक झिजलेल्या अवस्थेत माझ्याकडे येते. तीन कड्यांची जोडणी अधूनमधून सोडून तिच्या पट्ट्या हाताने वाकवाव्या लागतात, नाही तर त्या जिथे दुमडतात तिथे ताठ होऊन बसतात आणि ऐन वेळी सुटायला जड जातात. निर्मात्यांनी हे काम दरमहा करायला सांगितलेले आहे. किती जण करतात, हे पट्टीला हात लावताच मला कळते.

म्हणून पश्चिमवारा यांना माझे सांगणे असे की विमानातली तपासणी हवीच, परंतु ती शेवटची पायरी आहे. घडी घालतानाच पाहायच्या गोष्टी विमानात दिसत नाहीत. मुख्य पॅराशूटला बाहेर ओढणारे छोटे पायलट शूट घडी घालण्यापूर्वी ताणून सज्ज करावे लागते. ते केले आहे की नाही हे त्याच्या पट्टीवरच्या बारीक खिडकीत रंगीत दोरी दिसते का यावरून समजते. ते राहून गेले तर पायलट शूट वाऱ्यात नुसतेच फडफडते आणि मुख्य पॅराशूट बाहेर येत नाही. एकदा पिशवी बंद झाली आणि पायलट शूट आपल्या खिशात गेले की विमानातल्या कोणालाही हे तपासता येत नाही.

निळाई यांच्या कॅनोपीच्या मुद्द्याशी मी सहमत आहे, पण त्या मांडतात तशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे मला वाटत नाही. तीन कड्यांची जोडणी ज्यांनी शोधली त्या बिल बूथ यांचे एक निरीक्षण या खेळात सर्वांना ठाऊक आहे: साहित्य जितके सुरक्षित होते, तितके अधिक धोके लोक पत्करू लागतात आणि मृत्यूंचे प्रमाण होते तिथेच राहते. आकडे उतरले हे खरे, तेव्हा हे निरीक्षण शब्दशः घेऊ नये. तरीही सायप्रेस आल्यावर लोकांनी काय केले ते पाहा. अधिकाधिक लहान, अधिकाधिक वेगवान पॅराशूट घेतली. जमिनीजवळ जोराचे वळण घेणारा आणि झिजलेली दोरी चालवून घेणारा, दोघेही ‘आजवर काही झाले नाही’ याच पुराव्यावर विसंबलेले असतात.

आणि कौशल्य कितीही मोठे असले तरी ते यातून सोडवत नाही. आधुनिक विंगसूट, म्हणजे हातापायांमध्ये पंखासारखे कापड असलेला पोशाख, घडवणारा फ्रेंच स्कायडायव्हर पात्रिक द गायार्दों १९९८ साली हवाई बेटांवर मरण पावला, तो स्वतःच्याच साहित्यात स्वतः केलेल्या फेरबदलातील चुकीमुळे. त्याच्याइतके हवेत वावरलेले माणूस त्या काळी विरळाच असेल. त्याच्या शिलाईवर दुसऱ्या जाणकाराची नजर पडली असती तर काय झाले असते, हा विचार प्रत्येक रिगरच्या मनात येतो.

निवृत्त_छत्रीधारी (नाशिक)

मी भारतीय सेनेत होतो आणि आग्र्याला पॅराशूट प्रशिक्षण घेतले. तिथे हा वाद कधी उद्भवलाच नाही. उडीपूर्वी प्रत्येक जण आपल्या पुढच्याची पाठ तपासतो आणि तपासल्याचे मोठ्याने सांगतो. अधिकारी असो वा जवान, पहिली उडी असो वा निवृत्तीपूर्वीची शेवटची, नियम एकच. तपासून घेण्यात कमीपणा आहे असे कोणाला वाटत नसे, कारण त्यातून कोणालाच सूट नव्हती. हौशी खेळात ज्येष्ठांना सूट दिल्यामुळेच तपासणी ही नवशिक्यांची खूण होऊन बसली आहे, असे मला वाटते.

निळाई (ॲरिझोना)

आपल्या अनुभवाबद्दल मला आदर आहे, परंतु सेनेची शिस्त हौशी खेळाला लावता येईल असे मला वाटत नाही. तिथे आज्ञा असते आणि आज्ञा मोडल्यास शिक्षा असते. इथे लोक आपले पैसे भरून, आपल्या सुट्टीच्या दिवशी येतात. त्यांच्यावर सक्ती केली तर ते तपासणी टाळणार नाहीत. ते ती उरकतील. समोरच्याच्या पिशवीकडे दृष्टिक्षेप टाकायचा, खांद्यावर थाप मारायची, अंगठा दाखवायचा. अशी तपासणी मी पाहिली आहे, आणि मला ती अजिबात तपासणी नसण्यापेक्षा घातक वाटते. ज्याला कोणी तपासले नाही तो निदान स्वतः सावध राहतो. ज्याच्या खांद्यावर थाप पडली तो निर्धास्त होतो, आणि थाप मारणाऱ्याला वाटते की त्याने स्वतः आधी पाहिलेच असेल. दोघांची जबाबदारी म्हणता म्हणता ती कोणाचीच राहत नाही.

गाठपारखी यांच्या साहित्याविषयीच्या मुद्द्यांवर माझा आक्षेप नाही. १८० दिवसांनी साहित्य टेबलावर येते तेव्हा रिगरने झिजलेली दोरी पाहून ते परत देण्यास नकार द्यावा. तो अधिकार जाणकाराचा आहे, शेजारी बसलेल्या कोणाचाही नाही.

पहिलापाऊस

माझा ‘ए’ परवाना अगदी नवा आहे, म्हणून भीतभीतच लिहितो. आमच्या ड्रॉप झोनवर एक ज्येष्ठ बाई आहेत. त्या कित्येक वर्षे प्रशिक्षक होत्या. विमान वर चढत असताना त्या दर वेळी शेजारी बसलेल्याकडे, तो कोणीही असो, पाठ करून विचारतात, “माझी पिन बघता का?” पहिल्यांदा त्यांनी मला विचारले तेव्हा मी गांगरलो. त्यांनी शांतपणे सांगितले की झडप वर उचला, पिन पूर्ण आत आहे का आणि दोरीचे धागे सुटलेत का ते बघा, मग झडप परत खाली दाबून नीट खोचा, आणि काय दिसले ते मला शब्दांत सांगा. त्यांच्या विमानात त्यांच्यामागोमाग इतरही विचारू लागतात. त्या नसल्या की फारसे कोणी विचारत नाही, आणि मग मलाही मोठ्यांना विचारायचा संकोच वाटतो. नियम असता तर माझा संकोच गेला असता, एवढे मात्र खरे.

पश्चिमवारा (कॅलिफोर्निया)

सर्वांचे आभार. गाठपारखी यांचे म्हणणे मी पूर्णतः स्वीकारतो: घडी घालण्याच्या जागेपासूनच सुरुवात व्हायला हवी, आणि माझा प्रस्ताव त्या बाबतीत अपुरा होता.

निळाई, ‘उरकलेली तपासणी’ हा तुमचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याला पहिलापाऊस यांनी नकळत उत्तर दिले आहे असे मला वाटते. जे पाहिले ते शब्दांत सांगावे लागले की खांद्यावरच्या थापेवर भागत नाही. ‘पिन आत, दोरी शाबूत, झडप बंद’ असे म्हणण्यासाठी त्या तिन्ही जागी नजर जावीच लागते. छत्रीधारी साहेबांनी सांगितलेली सेनेतली पद्धतही हीच आहे. आणि अनोळखी हाताची भीती असेल तर तो हात कोणाचा असावा हे ज्याचे त्याने निवडावे. माझा आग्रह एवढाच की कोणाचा तरी असावा.

पण ‘माझी पाठ, माझी मर्जी’ हा जो सूर तुमच्या दोन्ही प्रतिसादांत आहे, तो मात्र मला पटत नाही. उघड्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाची सैल पिन सुटली आणि त्याचे पॅराशूट विमानाबाहेर फुलले, तर ते त्याला दारातून खेचून नेते आणि विमानाच्या शेपटीत अडकू शकते. त्या क्षणी विमानात वैमानिक असतो, इतर उडी मारणारे असतात, कधी प्रशिक्षकाला बांधलेला, आयुष्यात पहिल्यांदाच आलेला पाहुणा असतो. त्यांच्यापैकी कोणीही तुमच्या पिनेचा धोका पत्करलेला नसतो. उतरताना जमिनीजवळ घेतलेले वळणही तसेच आहे. दुसऱ्याच्या पॅराशूटवर आदळून दोघांचा जीव गेल्याच्या घटना या खेळाला अपरिचित नाहीत. म्हणून कॅनोपी प्रशिक्षणासाठी तुम्ही जो आग्रह धरता, तोही मी ऐच्छिक ठेवणार नाही.

निळाई (ॲरिझोना)

उघड्या दाराचा मुद्दा मी पुरेसा विचारात घेतला नव्हता, तो योग्य आहे. पाहिलेले मोठ्याने सांगावे, ही अटही मला मान्य आहे आणि मी ती स्वतःपुरती आजपासून पाळीन. मात्र न तपासलेल्या माणसाला उडी मारू न देण्याचा अधिकार कोणाला द्यायचा, हे तुम्ही अजून सांगितलेले नाही. वैमानिक पुढे पाहत असतो आणि त्याचे हात गुंतलेले असतात. उडी मारणाऱ्यांपैकी एकाला तो अधिकार दिला तर तेरा हजार फुटांवर, दार उघडलेले असताना, दोन माणसांचा वाद सुरू होण्याची शक्यता मला दिसते, आणि तो वाद त्या पिनेइतकाच धोक्याचा आहे. ज्याला अडवायचे त्याला विमान दहा हजार फुटांवर पोहोचण्याआधी, दार बंद असताना अडवता येईल अशी काही रीत तुम्ही सुचवलीत, तर हंगाम सुरू होण्यापूर्वी होणाऱ्या सेफ्टी डेच्या बैठकीत मी ती आमच्या ड्रॉप झोनवर मांडायला तयार आहे.