मदत हवी आहे: नव्या रंगाची चासी बॉडीच्या कामात कशी वाचवू?

महिंद्रा सीजे-३बी जीप. चासी (खालचा लोखंडी सांगाडा) सँडब्लास्ट करून एपॉक्सी प्रायमर, वर काळा पीयू (पॉलियुरेथेन रंग) मारलाय. ब्रेकचे पाइपही नवे. आता बॉडीचा जुना रंग काढायचाय, पण चासीवर असतानाच. पूर्वी बॉडी उचलली तेव्हा तिचा गंजका तळ पिळला होता, परत हिंमत नाही.

प्लास्टिक आणि मास्किंग टेप लावून एका कोपऱ्यात रंग उतरवणारा रिमूव्हर वापरून पाहिला. टेपखालून थेंब शिरला आणि रुपयाएवढा पीयू सुरकुतला. वर्तमानपत्राचं तर विचारूच नका. सँडरने घासलं तर धूळ ब्रेकच्या ड्रममध्ये, स्प्रिंगच्या पाट्यांत जाईल. ग्रीस फासलं तर नव्या रंगाला फिशआय (बारीक खड्डे) येणार. स्प्रे घरच्या शेडमध्येच, बूथ नाही.

रिमूव्हरला टिकेल असं चासीवर काय गुंडाळू? आणि प्रायमरआधी ते बदलायचं की शेवटपर्यंत तेच ठेवायचं?