मदत हवी आहे: राबाच्या धुरात धावण्याचा सराव कसा करावा?

नमस्कार मंडळी. आम्ही संगमेश्वरकडचे. पुतण्या पोलीस भरतीसाठी रोज पहाटे 1600 मीटर धावतो. माघापर्यंत वेळ छान येत होती. आता राब भाजायचे दिवस, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजतात, त्याचा धूर; त्यात धावायला सपाट जागा म्हणजे महामार्गाची कड, तिथे लाल धुरळा. महिनाभर वेळ मागे पडतेय, धावून आला की खोकतो, छातीत घरघर ऐकू येते.

तो म्हणतो, "काकी, सवय होईल." धुराची कसली सवय? बसल्या जागी माणूस मिनिटाला 6 ते 8 लिटर हवा घेतो, जोरात धावताना ती 100 लिटरच्या वरही जाते, तीही तोंडाने, नाकाची गाळणी चुकवून.

पहाटेच्या गारव्यात धूर खालीच बसून राहतो. दुपारी खारा वारा सुटला की हवा मोकळी वाटते. मग सराव संध्याकाळी ठेवावा का? एन-९५ मास्क लावून कोणी धावलंय का, श्वास पुरतो? डॉक्टरांकडे नेणारच आहे. फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी चिपळूण किंवा रत्नागिरीला कुठे होते, तेही कृपया सांगा. भरती तोंडावर आली आहे.