दाणेदार, पानांचा, वासाचा : तुम्ही कुठकुठले चहा पिऊन बघितलेत?

टिळकवाडी, बेळगाव

गेल्या दिवाळीपासून आमच्या फडताळात चहाचे सात डबे साठलेत. धाकट्या दिरांनी दार्जिलिंगचे दोन आणले, भाचीने अर्ल ग्रे. लेकीने ‘आई, दूध सोड’ म्हणत ग्रीन टी आणि जास्मिन आणून दिले. शेजारच्या अक्का उटीला गेल्या होत्या, त्यांनी निलगिरीचा आणला. सातवा आमचा रोजचा, रविवार पेठेतून सुटा आणलेला दाणेदार.

पहिल्या दिवशी मी दार्जिलिंगची वाट लावली. पन्नास ग्रॅमला ४५० रुपये मोजलेली ती पानं मी आलं, साखर, म्हशीचं दूध घालून रीतसर दोन उकळ्या येईपर्यंत उकळली. आल्याची चव आली, बस्स. सासूबाई (वय ८२) म्हणाल्या, “दिराला म्हणावं, पुढच्या खेपेला नुसतं आलंच आण.”

मग ठरवलं, दर रविवारी एक डबा, दुधाशिवाय आणि मोजून. चहाची परीक्षा करणारे लोक शंभर मिलीलीटर पाण्याला दोन ग्रॅम चहा घेतात आणि सहा मिनिटं झाकून ठेवतात, म्हणून तेच माप धरलं. सोनाराचा नाही, पण लेकीचा केक करायचा वजनकाटा होता. स्टीलच्या पेल्यात रंग कळत नाही, म्हणून पांढऱ्या कपबश्या काढल्या. प्यायला चौघं: मी, हे, सासूबाई आणि अक्का. हे टेस्टर लोक चमच्यातून मोठ्याने फुरका मारून पितात, त्याने वास नाकापर्यंत चढतो, असं मी सांगितल्यावर ह्यांना फार आनंद झाला. तीस वर्षं मी त्या फुरक्यावरून बोलत आलेय.

दार्जिलिंगचे डबे दोन तऱ्हेचे निघाले. फर्स्ट फ्लश म्हणजे मार्च-एप्रिलची पहिली खुडणी. रंग वाळल्या पेंढ्याचा, वास हिरवट फुलांचा, चव जिभेवर येते न येते तोवर गेलीसुद्धा. सेकंड फ्लश मे-जूनचा. तो तांबूस, आणि त्याला मनुकांसारखा वास. त्या दिवसांत पानांवर बारीक तुडतुडे येतात, त्यांनी पान चावलं की झाडात जो बदल होतो त्यातून हा वास येतो म्हणे. किडीने चावलेलं पान जास्त भावाने विकतात हे सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही.

ग्रीन टी पहिल्या वेळी उकळत्या पाण्यात टाकला. कडू जहर. पुढच्या रविवारी पाणी उकळून पाच-सात मिनिटं निवू दिलं, दोनच मिनिटं ठेवला, तर तोच चहा उकडलेल्या कोवळ्या शेंगांच्या पाण्यासारखा गोडसर लागला. डब्यावर ८० अंश असं छापलेलं होतं. चष्मा लावून वाचलं असतं तर एक रविवार वाचला असता.

निलगिरीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. स्वच्छ, चांगला, दूध घातलं तरी बिघडत नाही. अर्ल ग्रेला बर्गमोट नावाच्या लिंबाच्या जातीच्या फळाच्या सालीचं तेल लावतात. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि विचारलं, “ह्यात साबण पडला काय गं?”

जास्मिनवर मात्र सगळे थांबले. ते फूल दुसरं-तिसरं काही नसून आपला मोगराच. कळ्या संध्याकाळी चहात मिसळतात, त्या रात्री उमलतात, सकाळी फुलं वेचून बाजूला काढतात. चांगल्या चहाला हे बऱ्याच रात्री करतात. आपण उन्हाळ्यात माठात मोगरा टाकतो तशीच गत. अक्का एरवी अर्ध्या कपावर “साकु, साकु” (पुरे, पुरे) म्हणतात, त्यांनी दुसरा कप मागितला.

तर मंडळी, तुम्ही काय प्यायलात, कसं केलंत, कुठे फसलात ते लिहा. दुकानांची जाहिरात नको. औषधी गुणही नकोत, ते फोनवर रोज सकाळी येतातच.

खानापूर तालुका

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर. दोन-अडीच वर्षं बिन्नागुडीला होतो, उत्तर बंगालात, डुआर्समध्ये. छावणीभोवती जिकडं बघाल तिकडं चहाचे मळे. बायका पाठीला टोपली लावून दोन पानं आन् एक कोंब खुडत जायच्या. हात असा चालायचा की आमच्याकडं भात लावणाऱ्या बायका आठवायच्या.

एकदा कारखाना बघायला मिळाला. पान आधी रातभर पसरून मलूल करतात. मग दाते असलेल्या रुळांतून काढतात, त्यात ते चिरडतं, फाटतं आन् गोळी होऊन पडतं. आपला दाणेदार चहा तो हाच, सीटीसी म्हणतात. हिरवा चुरा बघता बघता तांब्याच्या रंगाचा होतो. आधी कापलेल्या गवताचा वास, थोड्या वेळानं पिकल्या सफरचंदासारखा. मग भट्टीत वाळवतात. तो वास अजून नाकात हाय.

सुट्टीवर येताना दोन किलो बांधून आणला. तीन दिवस रेल्वेत पिशवी उशाला. घरी आईनं चुलीवर करून दिला, सगळ्यांनी प्यायला, आन् आई म्हणाली, “बरा हाय. खरं आपल्या दुकानात मिळतोय तसलाच की रं.” बरोबरच होतं तिचं. डुआर्सचा माल जवळजवळ सगळा सीटीसी, आन् तोच देशभर जातो. फरक ताजेपणाचा होता, तो महिनाभरात गेला.

मळ्यातले मजूर कोरा चहा मीठ घालून पितात. पहिल्यांदा दिला तवा मी तोंडच फिरवलं. घाम गाळून आल्यावर दुसऱ्यांदा प्यायलो, मग मागून घ्यायला लागलो. गावाकडं भातकापणीला एकदा करून दिला. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी घरून येताना सगळ्यांनी साखर आणली.

अथणी

माझं माहेर जांबोटीकडचं, सासर अथणीचं. म्हणून माझा अनुभव चहाचा कमी आणि पाण्याचा जास्त आहे.

डॉक्टरांनी दूध बंद केलं तेव्हा कोरा चहा सुरू केला. इथे बोअरचं पाणी. कप पाच मिनिटं ठेवला की वर तपकिरी पापुद्रा धरायचा, फुंकर मारली की फरशीसारखे तुकडे व्हायचे. रंग काळपट आणि चव मेलेली. चहात भेसळ आहे म्हणून दुकानदाराशी भांडूनही आले. त्याने बिचाऱ्याने पुडा बदलून दिला, पुन्हा तेच.

मे महिन्यात माहेरी गेले, तोच पुडा पिशवीत होता. विहिरीच्या पाण्यात केला तर लालबुंद, काचेसारखा. पापुद्रा नाही. घरी परत येऊन सांगितलं तर विज्ञान शिकवणारे भाऊजी हसले. म्हणाले, बोअरच्या पाण्यात चुना जास्त, तो चहातल्या तुरट द्रव्यांशी जुळून ही साय धरते. दुधाच्या चहात हे झाकून जातं, म्हणून इतकी वर्षं कळलं नव्हतं. लिंबाचे चार थेंब टाकले की पापुद्रा जातो आणि रंगही उजळतो. मी आता चहापुरता वीस लिटरचा कॅन घेते. भारी चहा आणण्याआधी आपलं पाणी एकदा बघा. मला वाटतं वरच्या टिळकवाडीच्या ताईंची गंमत राकसकोप धरणातून येणाऱ्या बेळगावच्या नळाच्या पाण्यामुळे साधली असेल.

निपाणी

आमचा तंबाखूचा व्यवसाय. पान मुठीत दाबायचं, सोडायचं, ते कसं उलगडतं ते बघायचं, वास घ्यायचा. हे लहानपणापासून. त्यामुळे पानांचा चहा पहिल्यांदा हातात आला तेव्हा मी तो प्यायच्या आधी मुठीत धरला. चांगलं पान दाबल्यावर भुगा होत नाही आणि तळहाताला वास ठेवून जातं. चहातही हे बऱ्यापैकी लागू पडतं, असं माझं मत आहे.

पण दोनदा तोंडघशी पडलो. एकदा पुण्यात ‘ऑरेंज पेको’ लिहिलेला डबा संत्र्याच्या वासाचा समजून घेतला. घरी येऊन हुंगतोय, संत्रं कुठेच नाही. विकणाऱ्यानेही “हो, हो, ऑरेंज” म्हणूनच दिला होता. ती पानाची प्रत आहे, संत्र्याशी संबंध नाही. आख्खं पान म्हणजे ओ.पी., तुटकं म्हणजे बी.ओ.पी., त्याखाली बारीक चुरा फॅनिंग्ज आणि सगळ्यात खाली डस्ट. आमच्या वखारीतही पान, तुकडा, चुरा असंच चालतं, तरी फसलो!

दुसरी चूक जास्त लागली. दार्जिलिंगचा एक किलोचा डबा वखारीच्या ऑफिसात ठेवला, येणाऱ्या पार्टीला पाजावा म्हणून. झाकण सैल. पंधरा दिवसांत चहाला तंबाखूचा वास. चहा आजूबाजूचा वास असा ओढतो की विचारू नका (मोगऱ्याचा ओढतो तो ह्याच गुणाने). एका पार्टीने दोन घोट घेऊन विचारलं, “शेठ, हा तुमचाच माल का?” तो किलो मी एकट्याने संपवला.

असंच एकदा एका पाहुण्यांनी चीनचा लापसांग सुशाँग आणला होता. पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला. घरात सगळ्यांनी नाकं मुरडली, चूल पेटवताना तोंडात धूर जातो तसा लागतो म्हणे. मला आवडला. आमच्या घरात अजून त्याला ‘बाबांचा बंब’ म्हणतात.

बेळगाव, कॉलेज रोडजवळ गाडी आहे

मी रोज चहा विकतो, तेव्हा थोडक्यात लिहितो. नुसती डस्ट घातली तर रंग आणि कडकपणा झटकन येतो, वास राहत नाही. नुसता दाणेदार घातला तर वास चांगला, खरं गिऱ्हाईक म्हणतं पाणचट. मी दोन भाग दाणेदार, एक भाग डस्ट घेतो. पावसाळ्यात डस्ट थोडी वाढवतो.

पोरांच्या सांगण्यावरून ग्रीन टी ठेवला होता. महिन्यात चार कप गेले, चारही एकाच साहेबांनी घेतले, आणि तेही बाय टू, म्हणजे एक कप दोघांत.

गुळाच्या चहाला पहिल्या आठवड्यात तीन पातेली दूध फाटलं. आता गूळ उकळत्या दुधात टाकतच नाही. चहा पूर्ण करून खाली उतरवतो, ग्लासात किसलेला गूळ ठेवतो, वरून गाळतो. फाटत नाही.

गोकाक

हॉस्टेलवर मैत्रिणीने ‘हिबिस्कस टी’ दिला होता. लालभडक, दिसायला इतका सुंदर की मी चहासारखाच केला आणि सवयीने दूध ओतलं. गुलाबी पनीर झालं. सगळ्या खोलीने बघून घेतलं.

उरलेला घरी नेला. आज्जीने एक वाळकी पाकळी चावून बघितली आणि म्हणाली, “हे पुंडी नव्हं काय?” मला हसू आलं, पण आज्जी बरोबर होती. जास्वंदीचा म्हणून विकतात तो चहा लाल अंबाडीच्या फुलाखालच्या मांसल पाकळ्यांचा असतो. आपण जिची पुंडीची भाजी करतो त्याच घरातली. म्हणून इतका आंबट. त्यात चहाचं पान औषधालाही नाही. आता उन्हाळ्यात गार करून साखर घालून पितो, सरबतासारखा. आज्जीने परसात चार रोपं लावलीत, आणि एवढ्याशा पुडीची किंमत ऐकल्यापासून त्यांना पाणी घालायचं काम माझ्याकडे दिलंय.

कारवार

आमच्याकडे पावसात गवती चहा आणि धने-जिऱ्या-मिऱ्यांचा कषाय. दोन्हींत चहा नाही, पण पाहुण्याला “च्या घेणार?” असंच विचारतो. लेकाने बेंगळुरूहून ‘लेमनग्रास टी’च्या वीस पिशव्या आणल्या. खिडकीबाहेर हात घातला की तेच गवत हाताला कापतं.

टिळकवाडी, बेळगाव

अथणीच्या ताईंचं वाचून मी मागच्या रविवारी तोच सेकंड फ्लश दोन पाण्यांत करून बघितला. एक नळाचं, एक मागच्या गल्लीतल्या बोअरचं. कुणाला काही न सांगता कप पुढे ठेवले. ह्यांना फरक कळला नाही. अक्कांना कळला. सासूबाईंनी बोअरचा कप नुसता लांबून बघितला आणि सरकवून दिला.

गाडीवाल्या भावांचा दोनास एक हिशोबही लावला, पण त्यात सासूबाईंनी स्वतःची भर घातली. रोजचा चहा उकळून गॅस बंद केला की चिमूटभर दार्जिलिंग टाकायचं, झाकायचं, तीन मिनिटांनी गाळायचं. दूध आहे, साखर आहे, आणि मागून तो मनुकांचा वास येतो. दिरांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, वहिनी, हा गुन्हा आहे. सासूबाईंनी फोन घेऊन त्यांना पुढचा डबा कधी येतो ते विचारलं.

निपाणीच्या दादांचं वाचल्यापासून डबे मसाल्याच्या फडताळातून हलवलेत. निलगिरीला धन्याचा वास लागला होता, आता जाऊन कळलं. अर्ल ग्रे अजून अर्धा शिल्लक आहे. कुणाला हवा असेल तर घेऊन जावा, सासूबाई घरात नसताना.