व्ही रायझिंग: पहिले १४ तास, पिशाच्च कमी आणि सुतार जास्त

रात्रपाळीवाला

गेले तीन वीकेंड घालवून व्ही रायझिंगचे १४ तास झाले, म्हटलं आता लिहावं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही स्वीडनच्या स्टनलॉक स्टुडिओजची गेम, २०२२ च्या मे महिन्यात अर्ली ॲक्सेसमध्ये (म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच विकायला) आली, आठवड्याभरात १० लाखांवर खपली, आणि पूर्ण व्हर्जन ८ मे २०२४ ला आलं. वरून दिसणारा कॅमेरा, माऊसने नेम धरायचा, आणि आपण शेकडो वर्षं झोपून उठलेले व्हॅम्पायर. इथपर्यंत एक नंबर.

मग शवपेटीतून बाहेर आल्यावर हा रक्तपिपासू सरदार काय करतो? झाडं तोडतो. आधी झाडं, मग दगड, मग परत झाडं. मग जमिनीत कॅसल हार्ट, म्हणजे वाड्याचं हृदय, रोवायचं, त्याला ब्लड एसेन्स (रक्ताचा अर्क) घालत राहायचं नाहीतर वाडाच ढासळायला लागतो, मग सॉमिल मांडायची, लाकडाच्या फळ्या होईपर्यंत तिच्यासमोर उभं राहायचं. बर्फाचे बाण मारणारी ती कीली नावाची बॉस, तिच्याकडून सहा वेळा मेलो, सातव्यांदा हात थरथरत जिंकलो, तिचं रक्त प्यायलो, केवढं भारी वाटलं, आणि बक्षीस काय तर टॅनरी! चामडं कमावायचं मशीन! म्हणजे मी एवढा जीव काढून जिंकलो आणि गेम मला म्हणते जा बाबा, कातडी गोळा करून आण.

वर वेगेटचा, म्हणजे टेलिपोर्टच्या दारांचा, वैताग. टेलिपोर्ट आहे पण अंगावर लाकूड-दगड-तांबं असेल तर जाता येत नाही. म्हणजे एसटी आहे, पण पिशवी घेऊन चढू देत नाहीत. दोन पोती तांबं पाठीवर घेऊन गेममधलं अख्खं फारबेन जंगल पायी तुडवायचं.

मारामारी झकास आहे, त्यात वाद नाही. पण बांधकामाचा भाग काढून टाकला असता तर गेम दुप्पट चांगली झाली असती असं माझं स्पष्ट मत. बोला.

ढेकूळ

रक्त पिऊन टॅनरी मिळाली यावर हसून हसून खुर्चीवरून पडलो 😂

उन्हातली_सावली

पूर्ण असहमत. तू सगळं लिहिलंस आणि उन्हाबद्दल एक ओळ नाही, म्हणजे गेमचा जीवच सोडलास.

परवाचं सांगते. एरोल नावाच्या बॉसच्या तांब्याच्या खाणीतून निघाले, पिशवी भरलेली, आणि वर घड्याळात बघते तर उजाडायला आलंय. अर्ध्या वाटेत ऊन पडलं. एका झाडाच्या सावलीत उभी राहिले, म्हटलं थांबू. पण यांनी सावली सरकती ठेवलीय ना, सूर्य हलतो तशी ती माझ्या पायाखालून निघून चालली, मी बोटभर बोटभर तिच्याबरोबर सरकतेय, समोर पुढचं झाड दिसतंय, मध्ये दहा पावलांचं मोकळं ऊन. धावले. सेकंद-दोन सेकंद सूट मिळते मग कडेने स्क्रीन पेटायला लागते आणि जीव भराभर उतरतो. पोचले कशीबशी. आणि तिथे अस्वल.

आता विचार कर, मला टेलिपोर्ट करता आलं असतं तर यातलं काय घडलं असतं? काहीच नाही. माल पाठीवर आहे म्हणून ऊन महत्त्वाचं आहे, आणि ऊन आहे म्हणून घर महत्त्वाचं आहे. तुझा वाडा म्हणजे डेकोरेशन नाही रे, ते छप्पर आहे. भिंती चारी बाजूंनी बंद झाल्या की वर आपोआप छत येतं आणि आत ऊन लागत नाही, पहिल्यांदा झालं तेव्हा मला खरंच हायसं वाटलेलं.

सरळ_मारामारी

मी रात्रपाळीवाल्याच्या बाजूने, उलट तो फारच सौम्य बोलला.

स्टनलॉकने आधी ब्लडलाइन चॅम्पियन्स आणि बॅटलराइट काढलेत, दोन्ही अरीना गेम, म्हणजे खेळाडूंनी आखाड्यात एकमेकांशी भिडायचं, बांधकाम वगैरे काही भानगड नाही, निव्वळ कौशल्य. तोच हात व्ही रायझिंगच्या बॉसमध्ये दिसतो. प्रत्येक हल्ल्याआधी इशारा, स्पेस दाबून निसटायचं टायमिंग, दोन स्पेल कुठले लावायचे याचा विचार. असली मारामारी वरून दिसणाऱ्या गेममध्ये क्वचित मिळते. आणि एवढं जमणाऱ्या लोकांनी आपल्याला कुऱ्हाड देऊन जंगलात पाठवलं!

अजून एक. इथे अनुभवाने लेव्हल वाढत नाही, अंगावरच्या सामानाची लेव्हल तीच तुमची लेव्हल. म्हणजे मी कितीही चांगला खेळलो तरी चांगली तलवार हवी तर तांबं वितळवा, व्हेटस्टोन (धारेचा दगड) आणा, फळ्या कापा. कौशल्याला किंमत काय राहिली मग?

खडूस_काका

पोरांनो, जरा दमानं घ्या.

सामानावर लेव्हल आहे म्हणूनच कौशल्याला किंमत आहे. आठ-दहा लेव्हल वरच्या बॉसला जाऊन भिडता येतं की नाही? येतं. मी भिडलोय. अर्धा तास लागला पण पाडला. अनुभवावर लेव्हल असती तर तुम्ही डुकरं मारत बसला असतात चार तास, ते चाललं असतं?

वेगेटचं कारण वेगळं आहे. ही गेम मुळात ऑनलाइन सर्व्हरसाठी बनवली, जिथे दुसरे खेळाडू वाटेत लुटायला बसलेले असतात. मेलात की अंगावरचे कपडे-हत्यारं राहतात पण पिशवीतला माल तिथेच पडतो, दुसरा उचलतो. माल जर फटकन घरी नेता आला तर लुटायचं कोणाला? घाट आहे म्हणून वाटमारी आहे. एकट्याने खेळताना ते जाचक वाटतं हे कबूल, पण मग प्रायव्हेट गेम सुरू करताना सेटिंगमध्ये जा, टेलिपोर्टची अट काढ, दर झाडाला मिळणारं लाकूड दुप्पट कर, वाडा ढासळणं बंद कर. सगळं हातात दिलंय. न वाचता पुढे-पुढे दाबत गेलास ना?

रात्रपाळीवाला

हो गेलो 😅 पण काका, माझं म्हणणं तेच आहे. आमटी खारट झाली तर पाणी घाला हे उत्तर बरोबर आहे, पण आमटी खारट झाली होती हेही बरोबर आहे. एकट्याने खेळणारे किती असतील, त्यांना पहिल्या रात्री लुटारूंसाठी बनवलेले नियम का? आणि नवीन माणसाला सेटिंग बदलताना कळणार कसं की कुठला आकडा हलवला की मजा जाते? उन्हातली_सावली म्हणते तसं टेलिपोर्ट उघडला तर तिची ती झाडाखालची गोष्टच गायब होते. म्हणजे तुम्ही दोघं माझ्या विरोधात आहात पण एकमेकांच्याही विरोधात आहात, ते आधी मिटवा.

उन्हातली_सावली

मिटवायचं काय त्यात. काकांनी सेटिंग सांगितली, मी म्हणते हात लावू नकोस. निदान पहिल्यांदा तरी नको.

गच्चीवाली

मी वेगळ्याच कारणासाठी आले. मला बॉस वगैरेचं काही पडलेलं नाही, ते नवरा मारतो, मी घर बांधते. आमची दोघांची एक क्लॅन आहे.

तुम्ही सगळे बांधकाम म्हणजे झाडं तोडणं असं धरून चाललाय. ते गोळा करणं झालं, बांधकाम नाही. बांधकाम म्हणजे कुठली खोली कुठे. लोहारकामाच्या मशिनी एका बंद खोलीत ठेवल्या की काम वेगात होतं, खाली त्याच कामाची फरशी टाकली की माल कमी लागतो, म्हणून मग नकाशा आखावा लागतो, लायब्ररी कुठे, शवपेट्या कुठे, नोकर कुठे झोपतील. हो, नोकर! माणसाला भुरळ घालून वाड्यावर चालवत आणायचं, शवपेटीत घालायचं, काही वेळाने तो आपला होऊन उठतो, मग त्याला मोहिमेवर पाठवा, लाकूड-दगड तो आणतो. १४ तासांत तुम्ही तिथवर पोचला नसाल तर सुतारकीच वाटणार, कारण सुतार ठेवायचा तो तुम्हाला अजून मिळालेलाच नाही.

२०२३ च्या ग्लूमरॉट अपडेटपासून वरचे मजले पण बांधता येतात. मी मधे चौक सोडलाय, चारी बाजूंनी सोपा, वर माडी. माझ्या आजोळच्या वाड्यासारखा. चौकात ऊन येतं म्हणून तिथे धुक्याची शेगडी ठेवलीय, तिच्यात हाडं जाळायची की धुकं पसरतं आणि दिवसा पण फिरता येतं. आजीच्या चौकात तुळस होती, माझ्या चौकात हाडं जळतायत. आजीला सांगितलेलं नाही.

ढेकूळ

तुळशीच्या जागी हाडं, वारलो मी 😂😂

सरळ_मारामारी

@गच्चीवाली नवरा मारतो तू बांधतेस, म्हणजे तुमच्या घरात दोन गेम चालल्यात. माझा मुद्दा तूच सिद्ध केलास, या दोन गोष्टी एका माणसाला एकत्र नको असतात.

गच्चीवाली

अजिबात नाही. तो मेला की माझं काम अडतं. दगडाच्या विटा हव्या होत्या तेव्हा त्या बनवायचं मशीन, ग्राइंडर हवा, ग्राइंडर हवा तर एरोल पाडायला हवा, तो तीन रात्री पडेना. शेवटी मीच गेले बरोबर. तोपर्यंत मला स्पेस कशाला असतं ते पण माहीत नव्हतं. मग कळलं की आवडतं मला. गंमत म्हणजे आता खिडक्यांचे पडदे तो निवडतो.

निवांत_पनवेल

मधेच घुसतो. रक्ताबद्दल कोणीच बोललं नाही. माझ्यासाठी पहिल्या दिवशीची सगळ्यात भारी गोष्ट ती. प्रत्येक माणसावर माऊस नेला की दिसतं कुठल्या प्रकारचं रक्त आणि किती टक्के. वॉरियरचं प्यायलं की वार जोरात, स्कॉलरचं प्यायलं की स्पेल जोरात, क्रीचरचं प्यायलं की पाय पळतात, आणि रात्रपाळीवाल्या, वर्करचं प्यायलं की लाकूड-दगड जास्त मिळतं! तू १४ तास कुठलं रक्त पिऊन झाडं तोडत होतास?

मी एकदा लाकूडतोड्यांच्या कॅम्पात ९० च्या वरचा वर्कर बघितला, इतका आनंद झाला की सरळ धावलो, आणि शेजारच्या दोघांना मारायच्या नादात तोच मेला. प्यायच्या आधी मेला. रक्त मातीत. पाच मिनिटं नुसता उभा.

रात्रपाळीवाला

...हरणाचं. मी हरणाचं रक्त पीत होतो. कारण हरीण उलट मारत नाही.

खडूस_काका

घ्या. हरणाचं रक्त पिऊन झाडं तोडली आणि गेमला नावं ठेवली. हरणाचं क्रीचर, म्हणजे तू नुसता पळायला तयार होतास.

रात्रपाळीवाला

काका चूक मान्य, सपशेल. पण माझा मूळ मुद्दा अजून उभा आहे, तो हरणाने मेलेला नाही. पहिल्या दोन तासांत गेमने मला व्हॅम्पायर असल्यासारखं वाटू द्यायला हवं होतं. लांडगा व्हायला मिळालं अल्फा वुल्फ मारल्यावर, ते मस्त. रात्री लांडगा होऊन जंगलातून पळताना वाटलं की हां, यासाठी आलो होतो. पण ते मोजून दहा मिनिटं, की परत कुऱ्हाड. वटवाघूळ होऊन उडायला तर लय पुढे मिळतं म्हणतात. एवढं मागे का ठेवायचं?

उन्हातली_सावली

कारण उडता आलं की ऊन-सावली-रस्ता सगळं संपतं! गच्चीवर जायचं आणि उडायचं. तेव्हाही यांनी अट ठेवलीय बरं का, माल घेऊन उडता येत नाही. मला विचारशील तर पहिले २० तासच सगळ्यात चांगले, जेव्हा आपण कमजोर असतो आणि रस्त्यावर ट्रिस्टन भेटायची भीती असते.

रात्रपाळीवाला

ट्रिस्टन कोण?

निवांत_पनवेल

😶

सरळ_मारामारी

अरे याला अजून ट्रिस्टन भेटलेला नाही. कोणी काही सांगू नका.

गच्चीवाली

रस्त्याच्या कडेने झाडं तोडतोस का रे?

रात्रपाळीवाला

हो, रस्त्यालाच लागून जागा घेतलीय, सोयीची आहे. का?

खडूस_काका

काही नाही बाळा. तू तोड.

रात्रपाळीवाला

ओके आलो परत, ४० मिनिटांनी. पनवेलचं ऐकून आधी एक वर्कर शोधला, ६२ टक्के, प्यायलो, खरंच फरक पडतो, एका झाडाला केवढं लाकूड. सेटिंग काही बदललेल्या नाहीत, सावलीच्या हट्टापायी. छान तोडत होतो. मागून एक माणूस आला, मला वाटलं साधा डाकू असेल.

सगळं लाकूड रस्त्यावर पडलंय. आता शवपेटीतून उठलोय, बाहेर सकाळ झालीय, लाकूड उन्हात, आणि तो ट्रिस्टन तिथेच घिरट्या घालतोय.

मत बदललेलं नाही. टॅनरीत दोन कातडी टाकल्यात, अंधार होईपर्यंत जेवून येतो.