मदत हवी आहे: फ्लॅप आणि बोन ग्राफ्ट सांगितलंय, करायचं की नाही? शुक्रवारपर्यंत कळवायचंय

अंदाजपंचे_इंदूर (मंगळवार, रात्री ११:४२)
नमस्कार मंडळी, पटकन विचारतो. खालची उजवीकडची दाढ हलतेय, मसूड्यातून रक्त येतं, कधी कधी पू पण. पलासियाला एका डॉक्टरकडे दाखवलं, त्यांनी एक्स-रे काढला आणि म्हणाले हाड झिजलंय, फ्लॅप सर्जरी करून आत बोन ग्राफ्ट भरावं लागेल, सगळं मिळून ३२ हजार. शनिवारची तारीख दिलीय, शुक्रवारपर्यंत ॲडव्हान्स भरायचाय. करायचं की दाढ काढून मोकळं व्हायचं? ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा, उगीच लेक्चर नको, आधीच डोकं पिकलंय.

सुदामानगरकर (मंगळवार, रात्री ११:५८)
३२ हजार एका दाढेचे का पूर्ण बाजूचे? वय किती तुमचं? गुटखा, सिगरेट?

अंदाजपंचे_इंदूर (बुधवार, रात्री १२:०३)
गुटखा कुठून आला मध्ये? ३२ म्हणजे सगळं मिळून, लिहिलंय ना.

सुदामानगरकर (बुधवार, रात्री १२:०९)
अहो चिडू नका. तंबाखूवाल्याची जखम भरत नाही, ग्राफ्ट वाया जातो, म्हणून विचारलं. माझ्या साडूचे तेच झाले, पुडी सुटली नाही आणि पैसे गेले.

मोहरीचं_तेल (बुधवार, सकाळी ६:१५)
कापाकापी अजिबात करू नका. सैंधव मीठ, हळद आणि मोहरीचं तेल, रोज सकाळी बोटाने हिरड्यांना चोळायचं, वरून बाभळीच्या सालीच्या काढ्याने गुळण्या. माझे ७१ चालू आहे आणि अजून ऊस दाताने सोलतो. एकदा सफाई करून घेतली होती, तेव्हापासूनच पुढचे दोन दात हलायला लागले, त्यानंतर कानाला खडा. हे डॉक्टर लोकं खरवडून खरवडून दात ढिले करतात.

दंतकथा (बुधवार, सकाळी ९:३०)
मी हिरड्यांची डॉक्टर आहे, मूळची रामबागेतली, आता बडोद्याला प्रॅक्टिस. तोंड न बघता करा-नका सांगणार नाही, पण काका, सफाईने दात ढिले होत नाहीत हो. टार्टर म्हणजे दाताला चिकटून दगडासारखा झालेला थर, ब्रशने निघत नाही, तेलाने तर नाहीच. त्याच्या खाली हाड आधीच गेलेलं असतं आणि तो थरच हलत्या दातांना सिमेंटसारखा धरून ठेवतो. थर काढला, हिरडीची सूज उतरली की फटी दिसतात, दात हलल्यासारखा वाटतो. तुमचे दोन दात सफाईच्या आधीच गेलेले होते, सफाईने फक्त दाखवून दिले.

अंदाजपंचे, तुम्हाला: १) सर्जरीआधी डीप क्लीनिंग झालं का, आणि त्यानंतर महिना-दीड महिन्याने पुन्हा तपासलं का? २) पॉकेट किती मिलिमीटर सांगितलं? ३) दाढ नुसती आडवी हलते की वर-खाली पण दबते? ४) शुगर, बीपी, रक्त पातळ करायच्या गोळ्या?

अंदाजपंचे_इंदूर (बुधवार, सकाळी ११:२०)
सफाई झाली, दिवाळीच्या आधी. परत तपासायला कोण जातंय, शाळा-ऑफिस सगळं असतं. पॉकेट म्हणजे काय? शुगर आहे, बीपी पण आहे, त्या वयात असतंच.

मीनल_राजेंद्रनगर (बुधवार, सकाळी ११:३१)
त्या वयात म्हणजे? कोणाची दाढ आहे ही??

अंदाजपंचे_इंदूर (बुधवार, सकाळी ११:३४)
आईची. मी काय माझी म्हटलं होतं?

मीनल_राजेंद्रनगर (बुधवार, सकाळी ११:३६)
😂 काल रात्रीपासून सगळे तुमचा गुटखा सोडवत बसलेत.

सुदामानगरकर (बुधवार, सकाळी ११:४४)
माफी असावी. पण साडूचं खरं आहे.

दंतकथा (बुधवार, दुपारी १:०५)
बरं, आईंची. पॉकेट म्हणजे दात आणि हिरडी यांच्यामधली फट. खुणा केलेली बारीक सळई आत घालून मोजतात, १ ते ३ मिमी ठीक, ५-६ च्या पुढे गेली की तिथे ब्रश पोचत नाही, जंतू आरामात राहतात आणि हाड विरघळत जातं. प्रत्येक दाताचे सहा ठिकाणचे आकडे लिहून तक्ता करतात, तो मागून घ्या, तुमचा हक्क आहे. आधी भूल देऊन मुळापर्यंत सफाई, मग थांबायचं, मग पुन्हा मोजायचं. बऱ्याच फटी तेवढ्यानेच कमी होतात. ज्या होत नाहीत तिथे फ्लॅप, म्हणजे हिरडी पाकिटाच्या झाकणासारखी उघडून मूळ डोळ्याने बघत साफ करायचं आणि टाके घालायचे.

आणि ग्राफ्ट, म्हणजे झिजलेल्या जागी भरायची हाडाची पावडर, सगळीकडे चालत नाही. हाड विहिरीसारखं खोल गेलं असेल, तीन बाजूंनी भिंती असतील, तर आत भरलेली पावडर टिकते आणि त्यावर नवं हाड धरतं. पण गच्चीचा कठडा सगळीकडून सारखाच झिजावा तसं हाड उतरलं असेल तर पावडर टाकून ती राहणार कशावर? एक्स-रेचा फोटो असेल तर नाव झाकून टाका.

निवृत्त_लेखापाल (बुधवार, दुपारी २:४०)
एक विचारून घ्या, ती पावडर कशाची. आमच्या सौ.च्या वेळी सगळं झाल्यावर खोक्यावर वाचलं, बोव्हाईन. म्हणजे गाय-बैलाच्या हाडाची. घरात देवघर, सोवळं, चातुर्मास, आणि तोंडात हे. दोन महिने बोलली नाही माझ्याशी, जणू मीच भरली.

जेलरोडवाला (बुधवार, दुपारी २:५२)
काका कॅप्सूलचं कव्हर जिलेटिनचं असतं तेव्हा सोवळं कुठे जातं. दात वाचतोय ना, बस्स.

निवृत्त_लेखापाल (बुधवार, दुपारी ३:१०)
कुठे जातं ते माझं मी बघेन. आधी सांगायला काय हरकत होती, एवढंच म्हणणं आहे. बिल देताना आम्ही प्रत्येक ओळीचं स्पष्टीकरण मागायचो, ही तर शरीरात जायची वस्तू.

दंतकथा (बुधवार, दुपारी ३:२५)
लेखापाल काका बरोबर बोलतात, हे विचारून मगच करायला हवं. प्रकार चार: स्वतःच्याच जबड्यातून काढलेलं हाड, दुसऱ्या माणसाचं प्रक्रिया केलेलं, जनावराचं, आणि कारखान्यात बनवलेलं, कॅल्शियम फॉस्फेटचं. वर झाकायला जो पडदा लावतात तो पण बहुतेक वेळा जनावराच्या कोलॅजनचा असतो, ते लोक विसरतात. चालत नसेल तर आधी सांगा, पर्याय असतात.

पोहे_हेच_जीवन (बुधवार, दुपारी ४:००)
माझ्या मुलीला अलाइनर सांगितलेत, ते पारदर्शक, तारेपेक्षा खूप महाग आहेत, घ्यावे का? वय १४.

मीनल_राजेंद्रनगर (बुधवार, दुपारी ४:०४)
नवीन धागा काढा ना दादा.

रंगपंचमी_गेर (बुधवार, सायंकाळी ६:२०)
मी म्हणतो दाढ काढा आणि इम्प्लांट बसवा, विषय संपला. मी मागच्या वर्षी वरची दाढ केली. तिथे सायनसची पोकळी खाली आलेली होती, ते वर उचलून खाली हाड भरलं, सहा महिने थांबलो, मग स्क्रू. सगळ्यात त्रास काय, पंधरा दिवस नाक शिंकरायचं नाही! आणि तेव्हाच सर्दी. पण आता सेव, शेंगदाणे, गराडू सगळं चावतो.

दंतकथा (बुधवार, सायंकाळी ७:१५)
इम्प्लांट चांगलाच आहे पण हिरड्यांचा आजार तसाच ठेवून बसवला तर त्याच्याभोवतीचं हाडही तसंच जातं. आणि यांची खालची दाढ आहे, सायनसचा संबंध नाही, तिथे खाली नस असते.

जेलरोडवाला (बुधवार, सायंकाळी ७:३१)
एवढे पैसे का घालताय, एमवाय हॉस्पिटलच्या समोर शासकीय दंत महाविद्यालय आहे, ६१ सालापासून आहे, तिथे हिरड्यांचा वेगळा विभाग. विद्यार्थी करतात पण मागे सर उभे असतात. सकाळी लवकर जाऊन पर्ची काढायची, वेळ लागतो, एका कामाला चार फेऱ्या. माझं फ्लॅप तिथेच झालं, टाके दहा दिवसांनी काढले, काही दुखलं नाही. हां, ते माउथवॉश देतात त्याने दात चहाच्या कपासारखे तपकिरी होतात, घाबरू नका, नंतर पॉलिशने जातं.

मल्हारगंज_मंदा (बुधवार, रात्री ८:४५)
आईंना बीपीची कोणती गोळी आहे? माझ्या हिरड्या दातांवर चढल्या होत्या, दोन ठिकाणी कापायला सांगितलं होतं, तिसऱ्याने फक्त गोळीचं पाकीट बघितलं, ॲम्लोडिपिन. फिजिशियनने गोळी बदलली, सफाई केली, हिरड्या आपोआप उतरल्या. तुम्ही पण आधी ती बदलून घ्या.

अंदाजपंचे_इंदूर (बुधवार, रात्री ९:३०)
बीपीची टेल्मिसार्टन आहे, ॲम्लो नाही. तीन महिन्यांची शुगर ८.९ आली होती श्रावणात. एक्स-रे क्लिनिकमध्येच राहिला. मला सांगा हो की नाही, बाकी एवढ्या खोलात कशाला जायचं. आणि मसूड्यांना हिरड्या म्हणतात हे मला माहीत आहे, कोणी मेसेजमध्ये शिकवायला येऊ नका, इंदुरात मसूडेच म्हणतात.

निवृत्त_लेखापाल (बुधवार, रात्री ९:५०)
म्हणतात म्हणून बरोबर होत नाही. तीन पिढ्या इथे राहून आम्ही हिरडीच म्हणतो.

जेलरोडवाला (बुधवार, रात्री ९:५३)
भिया, पुण्याच्या पाहुण्यासमोर म्हणत असाल.

दंतकथा (बुधवार, रात्री १०:१०)
८.९ वर कोणीही घाईने ग्राफ्ट भरणार नाही, भरू नये. शुगर जास्त तर हिरडी बरी होत नाही, आणि हिरडीत पू असेल तर शुगर खाली येत नाही, दोन्ही एकमेकांना धरून बसतात. शनिवारची घाई कशाला? जे हाड झिजायला दहा वर्षं लागली ते आठवड्यात कुठे पळत नाही.

पोहे_हेच_जीवन (गुरुवार, सकाळी ८:१२)
सर्जरीनंतर मऊ खायचं असेल तर पोहे चालतात, वरून सेव टाकू नका म्हणजे झालं. जिरावण मसाला पण नको, टाक्यांना झोंबेल. रविवारी करून बघा.

अंदाजपंचे_इंदूर (गुरुवार, सकाळी ८:४०)
आमच्याकडे रविवारचे पोहे मुळातच साडेनऊला. आईची ती आठवड्याची गोळी असते ना, उपाशीपोटी ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची, मग अर्धा तास काही खायचं नाही, आडवं पडायचं नाही. ती खुर्चीत घड्याळाकडे बघत बसते आणि आम्ही सगळे तिच्याकडे. पोरं भुकेने कलकलतात.

दंतकथा (गुरुवार, सकाळी ८:४७)
थांबा. कोणती गोळी?

अंदाजपंचे_इंदूर (गुरुवार, सकाळी ८:५५)
हाडांची. ठिसूळ झालीत म्हणून.

दंतकथा (गुरुवार, सकाळी ८:५६)
नाव बघून सांगा. आणि किती वर्षं घेतायत. आत्ता.

अंदाजपंचे_इंदूर (गुरुवार, सकाळी ९:२०)
ॲलेन्ड्रोनेट ७०. मनगट मोडलं होतं तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षं होतील. का?

दंतकथा (गुरुवार, सकाळी ९:४१)
कारण तुमच्या डॉक्टरांना हे माहीत असायलाच हवं. ही गोळी हाड झिजू देत नाही, पण त्याच कारणाने हाडाची मोडतोड-दुरुस्ती मंदावते, आणि औषध वर्षानुवर्षं हाडात राहतं. जबड्याचं हाड कापलं, दाढ उपटली, तर क्वचित ती जागा भरतच नाही, हाड उघडं पडतं, त्याचा तुकडा मरतो. गोळ्यांवर हा धोका कमी असतो, इंजेक्शनवाल्या कॅन्सर पेशंटना खूप जास्त, पण चार वर्षांच्या पुढे वाढतो आणि वर शुगर ८.९. म्हणून तुमचा "दाढ काढून मोकळं व्हायचं" हा पर्याय सगळ्यात सोपा वाटतोय तो सोपा नाहीये. सांगितलं होतं का त्यांना?

अंदाजपंचे_इंदूर (गुरुवार, सकाळी ९:५०)
फॉर्ममध्ये "चालू औषधं" होतं तिथे मीच शुगर-बीपी लिहिलं. हाडाच्या गोळीचा दाताशी काय संबंध, असं वाटलं.

मल्हारगंज_मंदा (गुरुवार, सकाळी १०:०२)
आजच बंद करा ती गोळी!

दंतकथा (गुरुवार, सकाळी १०:०५)
मंदाताई नको, कृपा करून नको. उद्या खुब्याचं हाड मोडलं तर दाढ बाजूलाच राहील. बंद करायची, काही दिवस थांबवायची की चालू ठेवायची, हे ज्यांनी दिली ते आणि दाताचे डॉक्टर मिळून ठरवतील.

मोहरीचं_तेल (गुरुवार, सकाळी १०:३०)
म्हणूनच म्हणत होतो, तेल लावा.

अंदाजपंचे_इंदूर (शुक्रवार, रात्री ८:१५)
अपडेट. ॲडव्हान्स भरला नाही. फोन केला तर रिसेप्शनवाली म्हणाली तारीख कॅन्सल होईल, मी म्हटलं होऊ दे, गोळीचं नाव सांगितलं, दहा मिनिटांत डॉक्टरांचाच फोन आला. म्हणाले बरं झालं सांगितलंत, शनिवारचं रद्द, सगळ्या चिठ्ठ्या घेऊन या. आज जाऊन आलो. सळई घालून मोजलं, त्या दाढेला ७ आणि ६, बाकी बहुतेक ४. आता भूल देऊन दोन वेळा नुसती खोल सफाई, शुगर खाली आणायची, हाडवाल्या डॉक्टरांचं पत्र आणायचं, मग दीड महिन्याने परत मोजणार. दाढ राहील की नाही आत्ता सांगत नाहीत. ग्राफ्ट कशाचा ते पण विचारलं, जनावराचाच होता. लेखापाल काका, आईला सांगितलं नाहीये.

आई विचारतेय, परवा रविवार आहे, गोळी घ्यायची की नाही?

दंतकथा (शुक्रवार, रात्री ८:३२)
हाडवाल्या डॉक्टरांना उद्याच फोन करून विचारा. ते नाही म्हणत नाहीत तोवर घ्यायची. आणि पोहे अर्ध्या तासानंतरच.